खुंटीवरचा कोरा

१

शनिवारी दुपारी बाबा जेवणाच्या टेबलावर लिहीत बसले होते आणि आई त्यांच्या कोपराखालून ताटं काढून नेत होती.

"अहो, उचला जरा हात. डाग पडलेला रिपोर्ट देणार का समितीला?"

"डाग पडला तरी चालेल. आकडा पुसायला नको."

"ह्यांना पगार नाही," आई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणून रजाही नाही."

बाबांनी तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात किरणोत्सर्ग मोजण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या संघटनेनं त्यांना सुरक्षा सल्लागार व्हाल का म्हणून विचारलं, आणि ते विनामोबदला झाले. कुठे नवी एक्स-रे खोली झाली, कुठे कुणाची तक्रार आली, की हातात मीटर घेऊन बाबा हजर. इस्पितळांमध्ये त्यांना 'मीटरवाले सर' म्हणायचे. आई म्हणायची, रिक्षावाले तरी मीटर खाली टाकल्यावर पैसे घेतात.

मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधन करते. त्यामुळे बाबांचे रिपोर्ट शुद्धलेखनासाठी माझ्याकडे यायचे. एकदा मी त्यांचं 'मी मोजले' खोडून 'मोजमाप करण्यात आले' असं केलं होतं. सरकारी कागदाला ते शोभतं, असं मला वाटलं. बाबांनी फोन केला.

"करण्यात आले? कुणी केलं? भुतानं?"

"बाबा, तशी पद्धत असते."

"असेल. माझ्या कागदात मोजणारा माणूस दिसला पाहिजे."

त्यानंतर मी त्यांच्या 'मी'ला हात लावला नाही.

त्या शनिवारी मी निघता निघता विचारलं, "एवढं काय सापडलंय?"

"सगळी गंमत कोऱ्याची आहे," ते म्हणाले. गंमत म्हणाले, पण चेहरा हसरा नव्हता.

मला पुस्तकाची शेवटची प्रूफं द्यायची होती. 'कोऱ्याची म्हणजे?' एवढं विचारायला किती वेळ लागला असता? मी चपला घातल्या. ते कागद पिशवीत घालत होते. आई आतून ओरडली, "येताना कोथिंबीर!"

रविवारी सकाळी फिरायला जाण्यासाठी बाबा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि पुन्हा ताठ झाले नाहीत.

२

दोन आठवड्यांनी, सोमवारी, एक बाई दारात उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असाव्यात. हातात प्लास्टिकची जाड फाइल.

"सरांची मुलगी ना तुम्ही? मी त्या हाडांच्या इस्पितळात एक्स-रे काढते. काढत होते. ही वेळ नाही, कळतंय मला, ताई. पण शुक्रवारी संघटनेच्या समितीपुढे माझी सुनावणी आहे."

आईनं त्यांना पाणी दिलं आणि स्वतः दाराशीच टेकून उभी राहिली.

बाईंची हकिकत अशी. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात छातीच्या एक्स-रेसाठी नवी खोली बांधली. त्यातला किरणांचा झोत ज्या भिंतीवर पडतो, तिला शिशाचं अस्तर हवं. बाईंना शंका आली की ते घातलेलंच नाही. भिंतीपलीकडे नोंदणी खोली आहे. तिथं बसून त्या नि त्यांचे दोन सहकारी पाळीपाळीनं रजिस्टर लिहितात. एक दिवस त्यांनी नोंदणी खोलीच्या बाजूनं भिंतीला घराची चावी चिकटवली आणि तिच्यावर एक्स-रेच्या फिल्मची कॅसेट. संध्याकाळी कॅसेट काढून पाहिली, तर त्यावर चावीची स्वच्छ पांढरी सावली.

"म्हणजे किरण भिंतीतून येत होते," मी म्हणाले.

"तेच तर! मी संघटनेला लिहिलं. इस्पितळ म्हणतं, कॅसेट हिनं मुद्दाम मशीनसमोर धरली, बढती दिली नाही म्हणून सूड उगवतेय. आणि पुरावा काय? तर हे." त्यांनी प्रयोगशाळेचे तक्ते काढले. छातीवर जो बॅज लावतात, तो दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो आणि कुणाला किती किरणोत्सर्ग लागला त्याचा आकडा येतो. तिघांच्या नावांपुढे दोन वर्षं एकच आकडा होता. शून्य.

"जुन्या खोलीत होते तेव्हा थोडंफार तरी यायचं हो," बाई म्हणाल्या. "नव्या खोलीत काम दुप्पट झालं आणि आकडा गेला शून्यावर. कौतुक करायचं की रडायचं?"

मी सवयीनं तक्ते तळापर्यंत वाचले. अगदी खाली बारीक टाइपात 'नियंत्रण' या शब्दापुढे काही आकडे होते. त्यांचा अर्थ मला लागला नाही.

"सर येऊन सगळं मोजून गेले," बाई सांगत होत्या. "शनिवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, तुमचं म्हणणं खरं आहे, मी तसं लिहिलंय. आणि आता संघटनेनं मला त्यांचा रिपोर्ट म्हणून हे पाठवलंय."

एक पान. संघटनेचं नाव छापलेलं, खाली बाबांची सही. सही त्यांचीच होती. 'र'ची शेपटी तशीच लांब. वर टाइप केलेला मजकूर होता: 'सदर इस्पितळाची तपासणी करण्यात आली. कोणताही दोष आढळून आला नाही. तक्रारीत तथ्य नसल्याचे निदर्शनास आले.'

"शुक्रवारी हे वाचतील आणि माझी तंत्रज्ञ म्हणून नोंदणी रद्द करतील," बाई म्हणाल्या. "मग मला कुठल्याच इस्पितळात मशीनला हात लावता येणार नाही. वीस वर्षं झाली. दुसरं काही येत नाही मला. सरांनी मत का बदललं, तेवढंच विचारायला आले."

आई दारातून पुढं आली. "ह्यांनी मत बदललं असतं तर घरात चार वेळा सांगितलं असतं."

मी ते पान पुन्हा वाचलं. करण्यात आली. आढळून आला. निदर्शनास आले.

"मत बदललेलं नाही," मी म्हणाले. "सही बाबांची आहे. हे लिहिलंय दुसऱ्याच कुणीतरी."

३

संघटनेच्या ऑफिसात एक टेबल, दोन कपाटं आणि ऑफिसातल्या बाई. बाईंना तिथं पंचवीस वर्षं झाली होती. अध्यक्ष येतात नि जातात, त्या राहतात.

"तुझे बाबा म्हणजे देवमाणूस," त्या म्हणाल्या. "फक्त पेन परत करायचे नाहीत."

मी विचारलं, बाबांची सही आधीच केलेला कागद इथं कधी असायचा का?

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "कुणाला बोलू नकोस. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं काढायला सारखं कुठं बोलवायचं म्हणून सरांनी चार कोऱ्या पानांवर सही करून ठेवली होती. मीच म्हटलं होतं त्यांना, सर, कोऱ्यावर सही करू नये. म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे."

कोऱ्यावर सही. *सगळी गंमत कोऱ्याची आहे.* म्हणजे बाबांना त्या शनिवारी कळलं होतं?

ड्रॉवर उघडून बाईंनी पानं मोजली. एक प्रमाणपत्राला गेलं होतं. तीन उरायला हवी होती. दोनच होती.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि तुझ्या सेक्रेटरी काकांकडे." मग त्यांनी आपणहून भर घातली. "पण दिवसा ड्रॉवर उघडाच असतो, खोटं कशाला बोलू. सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागाचा इनचार्ज तक्रारीवरचं उत्तर द्यायला आला होता, मी चहा सांगायला खाली गेले तेव्हा इथंच बसला होता. आणि त्याच आठवड्यात ते मोठे डॉक्टर, इस्पितळाचे मालक, कार्यकारिणीच्या बैठकीला आले होते."

"आणि तुम्ही?"

"मी?" बाई हसल्या. "माझं टायपिंग बघितलंयस का? एका पानात सहा चुका. त्या पानात एकही नाही."

मी पान पाहिलं. खरंच नव्हती.

४

इस्पितळात मी जरा खोटं बोलून शिरले. बाबांची छत्री इथं राहिली का, असं विचारलं. बाबांनी जन्मात छत्री वापरली नव्हती.

इनचार्ज बारीक, घाबऱ्या चेहऱ्याचा माणूस. "छत्री? नाही बुवा. सर फार चांगले होते हो. मला म्हणायचे, तू मशीनला जेवढा घाबरतोस त्याच्या निम्मं भिंतीला घाबर." हे बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खिशातलं पेन चाचपू लागला.

"बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही संघटनेच्या ऑफिसात गेला होतात."

"गेलो होतो. पाकीट दिलं नि आलो. का?"

"ड्रॉवर उघडा होता."

"ताई, माझा स्वतःचा ड्रॉवर उघडायला मला दोनदा विचार करावा लागतो," तो म्हणाला. मला ते खरं वाटलं, पण खरं वाटणं हा पुरावा नव्हे.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. नाव सार्थ करणारे. दारातून तिरके होऊन शिरले. बाबांबद्दल दोन शब्द बोलले, चांगले बोलले. मग मला हाताला धरल्यासारखं करून स्वागतकक्षात घेऊन गेले.

"हे बघा. तुम्हाला अभिमान वाटेल."

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पत्र होतं. दोन वर्षांपूर्वीचं. खाली बाबांची सही, वर बाबांचीच भाषा: 'नवी खोली मी पाहिली. ती वापरण्यास योग्य आहे.'

"तुमच्या वडिलांनीच पास केलीय ही खोली," मोठे डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी समितीसमोर पहिलं हेच वाचणार. त्या बाईनं मग काय बोलायचं ते बोलावं."

मी ते पत्र तीनदा वाचलं. कुठं काही बनावट असेल तर सापडावं म्हणून. काहीच नव्हतं. ते बाबांनीच लिहिलं होतं.

५

परत निघाले तेव्हा इनचार्ज धावत मागं आला. "ताई, छत्री नोंदणी खोलीत बघायची राहिली."

छत्री नाही हे त्यालाही कळलं असावं. त्यानं दार उघडलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला.

लहानशी खोली. टेबल, रजिस्टरं, खुर्ची. भिंतीवर एका खुंटीला छोटा प्लास्टिकचा बॅज टांगलेला. शेजारी तीन रिकाम्या खुंट्या.

"हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. तो कोरा."

मी वळले. "काय म्हणालात?"

"कोरा. आम्ही असंच म्हणतो. कागदोपत्री नियंत्रण बॅज. तो कुणी लावायचा नसतो, नुसता टांगून ठेवायचा." त्यानं आवाज खाली आणला, जणू बॅज ऐकत होता. "हवेत, मातीत, सगळीकडे थोडा किरणोत्सर्ग असतोच ना? तो कोऱ्यात येतो. मग प्रयोगशाळा कोऱ्याचा आकडा आमच्या प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करते. उरतो तो कामामुळे लागलेला."

"आणि वजा करून शून्याच्या खाली गेलं तर?"

"तर शून्य लिहितात. खाली कसं जाईल?"

मी खुंटीपासून दारापर्यंत पावलं मोजत बाहेर आले. वळसा घालून पलीकडच्या एक्स-रे खोलीत तेवढीच मोजली. मला या शास्त्रातलं काही कळत नाही, पण पावलं मोजता येतात. पावलं संपली तिथं छातीच्या एक्स-रेचा स्टँड होता. मशीनचं तोंड थेट त्याच्याकडे, म्हणजे त्या भिंतीकडे, म्हणजे पलीकडच्या खुंटीकडे.

एक्स-रेवाल्या बाईंनी दिलेले तक्ते पिशवीतून काढले. खालची बारीक ओळ. नवी खोली होण्यापूर्वी नियंत्रण: शून्य पूर्णांक दोन. नंतरच्या तिमाहीत दोन. मग अडीच. मग तीन.

भिंतीतून किरण येत होते. टेबलाशी बसणाऱ्या तिघांना लागत होते. पण ते तिघं पाळीनं बसत, आणि कोरा तिथंच टांगलेला राही, त्यामुळे त्याला सगळ्यांत जास्त लागे. मग त्याचा आकडा तिघांतून वजा होई. भिंतीतून जेवढे जास्त किरण, तेवढं या तिघांचं शून्य पक्कं. दोन वर्षं ती खुंटी या लोकांचा पुरावा गिळत बसली होती आणि ते आपापल्या नावासमोरचं शून्य बघून खूश होत होते.

बाबा बोलले होते ते या कोऱ्याबद्दल. कोऱ्या कागदाचं पुढं काय झालं ते त्यांना माहीतही नव्हतं.

"ही खुंटी इथं कुणी ठोकली?" मी विचारलं.

इनचार्जनं मान खाली घातली. "जागा सरांनीच दाखवली होती. सहा वर्षांपूर्वी. तेव्हा पलीकडे नुसतं कपड्यांचं गोदाम होतं."

६

रात्री उशिरापर्यंत जागून विचार करणाऱ्यांपैकी मी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं भाजी निवडायला घेतली, तिच्यासमोर बसून मी मोठ्यानं विचार केला.

"तो खोटा रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांनी लिहिला असता तर पहिल्या ओळीत काय लिहिलं असतं?"

"मला काय विचारतेस? मी कधी खोटा रिपोर्ट लिहिलाय?"

"'ही खोली मी दोन वर्षांपूर्वीच पास केली आहे.' भिंतीवर चौकट करून लावलंय त्यांनी. जगाला सांगत फिरतात. इनचार्ज असता तर त्यानंही तेच लिहिलं असतं, मालकाला खूश करायला. बाबा तर प्रत्येक रिपोर्टाची सुरुवात 'मागची भेट' या शब्दांनी करायचे. आणि या पानात मागच्या भेटीबद्दल अवाक्षर नाही."

आईचे हात थांबले.

"ज्यानं हे लिहिलं त्याला बाबांची मागची भेट कुणाच्या लक्षात येऊ नये असं वाटत होतं," मी म्हणाले. "त्याला इस्पितळाशी काही देणंघेणं नव्हतं, आई. त्याला बाबांना वाचवायचं होतं."

ड्रॉवरची किल्ली दोघांकडे. एकीला एका पानात सहा चुका होतात. दुसरा बाबांचा शाळेपासूनचा मित्र.

आईनं भाजी बाजूला ठेवली. "शनिवारी हे कोथिंबिरीशिवाय आले," ती म्हणाली. "मी बोलले तर म्हणाले, 'त्याच्याकडे बसलो होतो, विसरलो.' मी त्यावरून भांडले गं त्यांच्याशी."

सेक्रेटरी काकांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत वळले. लहानपणी यांनी मला सायकल शिकवली होती. बाबा बाजूला उभे राहून वेग मोजायचे.

"चिमणे, बस," काका म्हणाले.

"काका, बाबांचा रिपोर्ट द्या."

ते नाही म्हणाले नाहीत. कपाटातल्या शब्दकोशाच्या मागून त्यांनी एक पाकीट काढलं. "फाडायला घेतला होता दोनदा. त्याचं अक्षर आहे. नाही फाडवला."

हातानं लिहिलेली सहा पानं होती. आकडे, भिंतीचा नकाशा, कोऱ्याचा हिशोब, सगळं मला कळलं होतं तेच. मी शेवटच्या पानावर गेले.

'कोऱ्याची जागा सहा वर्षांपूर्वी मीच दाखवली. दोन वर्षांपूर्वी नवी खोली पाहायला मी आलो, तेव्हा नोंदणी खोलीला कुलूप होते. मी किल्लीची वाट पाहिली नाही. बॅजचे जुने आकडे कमी होते, ते पाहून मी भिंतीपलीकडे न मोजता सही केली. मी चुकलो. ते पत्र रद्द समजावे. तिघांची वैद्यकीय तपासणी ताबडतोब करावी.'

"मी त्याला म्हटलं, शेवटचा परिच्छेद काढ," काका म्हणाले. "भिंत दुरुस्त करा म्हण, विषय संपव. ऐकेना. भांडून गेला. आणि सकाळी तुझ्या आईचा फोन." त्यांनी शब्दकोश परत जागेवर ठेवला. "चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना वाचवलं. लोकांच्या लक्षात काय राहिलं असतं? हा परिच्छेद. मला नाही सहन झालं."

"आणि त्या बाई?"

"तिला मी दुसरीकडे कुठंतरी—"

"नोंदणी रद्द झाल्यावर कुठं, काका? आणि बाकीचे दोघं? ते आत्ताही त्या टेबलाशी बसलेत."

काकांनी चष्मा काढला. त्यांचं वय मला पहिल्यांदाच दिसलं.

"भिंत मी नंतर बघणार होतो," ते म्हणाले.

"कधी?"

मी पाकीट पिशवीत ठेवलं. त्यांच्यावर रागवायला मला जमत नव्हतं, हेही खरं. मी इथवर आले ती बाबांवरचा डाग पुसायला. खोटा रिपोर्ट त्यांचा नाही हे सिद्ध करायचं, की झालं. आता खरा हातात होता आणि तो खोट्यापेक्षा जड होता. आमच्या घरात बाबांचं घड्याळ मागं पडलं तर आई म्हणायची, आज सूर्य लवकर उगवला. बाबा चुकले, हे दोन शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते. मी तर नाहीच.

"शुक्रवारी तू हे वाचणार?" काकांनी विचारलं.

"तुम्ही पण यायचं," मी म्हणाले. "पानाबद्दल तुम्ही सांगायचं. बाकीचं मी."

७

समितीच्या खोलीत लांब टेबल, त्याच्या टोकाला अध्यक्षा, डाव्या बाजूला मोठे डॉक्टर, आणि कोपऱ्यात वही उघडून ऑफिसातल्या बाई. एक्स-रेवाल्या बाई भिंतीकडच्या खुर्चीवर. आईनं आत यायला नकार दिला होता. बाहेरच्या बाकावर बसली होती. जाताना एवढंच म्हणाली, "पान पालटताना घाई करू नकोस."

काका आधी उठले. सही केलेलं कोरं पान आपण घेतलं, मजकूर आपण टाइप केला, हे त्यांनी सरळ सांगितलं. कारण कुणी विचारलं नाही. ते बसले तेव्हा टेबलाचा आधार घेऊन बसले.

मग मी बाबांची पहिली पाच पानं वाचली. आकडे वाचताना माझा आवाज बरा होता. कोऱ्याच्या गणिताशी आले तेव्हा एक्स-रेवाल्या बाई पुढं सरकून बसल्या. वजाबाकी त्यांच्या लक्षात आली तो क्षण मला दिसला. त्यांनी हात तोंडावर ठेवला.

सहाव्या पानाआधी अध्यक्षांनी मला थांबवलं. पान त्यांच्यापुढेही होतं.

"हे राहू दे," त्या हळू म्हणाल्या. "मुद्दा कळला. एका गेलेल्या सहकाऱ्याबद्दल हे इतिवृत्तात जायची गरज नाही. त्यांच्याबद्दल आम्हाला सगळ्यांना आदर आहे."

त्या मनापासून बोलत होत्या. मी हो म्हटलं असतं तर खोलीतल्या प्रत्येकाला बरं वाटलं असतं. मला सगळ्यांत जास्त.

"मीही तेच म्हणतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "मग माझ्याकडचं त्यांचं पत्र उरतंच की. इतका अनुभवी माणूस लिहितो, खोली योग्य आहे. आजचे हे आकडे कच्चे असतील, आजारी होते ते. दोन मतं झाली. पुन्हा मोजू सावकाश, सहा महिन्यांत. तोवर बाईंचा निर्णय लांबवू. खोली चालू राहील."

चौकटीतून काढून आणलेलं पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. कडेला काचेचा ठसा उमटला होता. 'ती वापरण्यास योग्य आहे.'

सहा महिने. दोन माणसं, एक टेबल, एक भिंत. ते पत्र जोवर खरं होतं तोवर भिंत चांगली होती आणि बाई खोट्या होत्या.

"दोन मतं नाहीत," मी म्हणाले. "त्यांचं एकच मत आहे, ते सहाव्या पानावर आहे." आणि मी ते पान वाचलं. कुलूप, किल्ली, सही. शेवटच्या ओळींशी आल्यावर मी थांबले. पाणी प्यायले, पुन्हा वाचलं.

"हे ते स्वतःबद्दल लिहितात," मोठे डॉक्टर म्हणाले. "माणूस थकलेला असतो, स्वतःला बोल लावून घेतो. तुम्ही त्यांच्या कन्या. तुम्हाला तरी पटतं का हे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. काका सोडून, ते टेबलाकडे पाहत होते. दाराच्या काचेतून आईची पाठ दिसत होती.

"पटतं," मी म्हणाले. "ते पत्र चुकीचं आहे. माझे बाबा चुकले."

ते इतकं हळू आलं की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. कोपऱ्यात ऑफिसातल्या बाईंनी पेन थांबवलं. त्यांचे डोळे भरलेले होते, पण वहीचं पान त्यांनी कोरं सोडलं नव्हतं.

"जरा मोठ्यानं, बाळ," त्या म्हणाल्या. "लिहून घ्यायचंय."

मी उभी राहिले. दारापलीकडे ऐकू जाईल एवढा श्वास घेतला.

"माझे बाबा चुकले."